सायबिणीची ओढणी

माझ्या कामाला मराठीत धड नाव नाही, ही माझी पहिली तक्रार. कागदोपत्री 'संवर्धन' असायचं. ते वाचून वसईतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला कोळंबीच्या तळ्यांबद्दल विचारायला लागले. 'संरक्षण' म्हणून पाहिलं, तर लोक म्हणायचे, "मग तुमची बदली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कशी नाही झाली?" शेवटी वैतागून सांगायला लागले की मी जुन्या मूर्ती आणि चित्रं दुरुस्त करते. त्यावर गणपतीच्या आधी शेजारच्या घरातून रंग उडालेला पाट आला, आणि सेक्रेटरींनी विचारलं, "गेटला कधी हात लावता?"

मुंबईतल्या एका वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. तिथलं काम काय ते एकदा सरळ सांगून टाकते, म्हणजे पुढचा वैताग समजेल. जुनी वस्तू नवी करणं हे आमचं काम नाही. ती आहे तशी आणखी काही पिढ्या टिकावी, एवढंच. पण त्यासाठी ती मुळात कशी केली हे कळावं लागतं. कारागिरानं सरस कशाचा घेतला, रंग तेलात खलला की अंड्यात, मधल्या काळात कुणी काय फासून ठेवलं, हे न बघता हात घातला तर आपलं औषधच तिच्या जिवावर उठतं. आणि आपण जे काही लावू ते उद्या दुसऱ्या कुणाला अलगद काढता आलं पाहिजे. एवढं समजावून झालं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "ते ठीक आहे, पण तुम्ही नक्की करता काय?"

पास्कल सरांनी असं विचारलं नाही. त्यांनी थेट रंगाचा डबा पुढे केला.

पास्कल सर माझ्या मुलीला शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर भुईगावात केळीची बाग आणि आळीतलं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, अशा दोन गोष्टी त्यांनी अंगावर घेतल्या होत्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ईस्टर होऊन गेल्यावर एका रविवारी ते घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या सायबिणीची ओढणी फाटली."

सायबीण म्हणजे मरियामाता. मला वाटलं कापडाची ओढणी असेल. तसं दिसलं नाही. मूर्ती लाकडाची, माझ्या कमरेला लागेल एवढी. दुःखी मातेची. क्रुसाखाली उभी राहून वर, एका बाजूला बघणारी, हात छातीशी घट्ट जुळवलेले. अंगभर आकाशी ऑईलपेंट, कडेनं चमचमता सोनेरी पट्टा, ओठ गुलाबी. कपेलचं छप्पर गळल्यामुळे डोक्यावरच्या ओढणीचा मागचा भाग फुगून फुटला होता, आणि कुणीतरी तो मेणबत्तीच्या मेणानं चिकटवून टाकला होता.

"सप्टेंबरात सण आहे," सर म्हणाले. "तोवर नवीकोरी करून द्या. रंग मी आणूनच ठेवलाय." आणि तो डबा. आकाशीच.

"सर, रंग लावायचा नाही."

"मग करायचं काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच.

मूर्ती बाहेर न्यायला आळीची परवानगी नव्हती, म्हणून सरांच्या ओटीलगतच्या खोलीत टेबल मांडलं. तिथे ते केळीचे घड ठेवत. घड हलवले, वास राहिला. आठवडाभर नोकरी आणि रविवारी भुईगाव, असं सुरू झालं. पहिल्याच रविवारी मी मूर्तीतून ड्रॉइंग पिना उपटायला बसले. प्लॅस्टिकची फुलं पक्की राहावीत म्हणून वर्षानुवर्षं त्या लाकडात टोचलेल्या होत्या. पाठीत दिव्यांच्या माळेचे खिळे होते. आणि सगळ्यावर तेलाचा चिकट थर.

"हे तेल कसलं?"

"खोबऱ्याचं," दारातून उत्तर आलं. त्या मोनिकामावशी. सरांच्या चुलत घरातल्या, साठी उलटलेल्या, लग्न न केलेल्या. तरुणपणापासून कपेलची झाडलोट, फुलं, दिवाबत्ती त्यांच्याकडे. "दर शनवारी लावते. लाकूड सुकाय नको म्हणून."

"मावशी, तेलानं धूळ बसते. धुळीवर मेणबत्तीचा धूर बसतो. मग चेहरा काळा पडतो."

"काळा पडला की रंग देतात ना." त्यांना त्यात काही अडचण दिसत नव्हती. मग त्या टेबलाजवळ आल्या, माझ्या हातातली बारीक सुरी बघितली आणि मूर्तीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, ही आमशी सायबीण हाय. हिला खरवडशील तर मी इथंच बसून रेन, सांगून ठेवते."

आणि खरंच बसल्या. दर रविवारी, खुर्ची ओढून, हातात जपमाळ.

इथे मूर्ती कशी घडते ते सांगायला हवं. पोर्तुगिजांच्या काळात इकडे ज्या लाकडी मूर्ती झाल्या, त्यांची रीत बाहेरून आली होती, हात इथलेच होते. आधी मुरवलेलं सागवान कोरायचं. त्यावर कातड्याच्या सरसात खडूची पूड कालवून तिचे हात द्यायचे, एक वाळला की दुसरा, मग घासून गुळगुळीत करायचे. जिथे सोनं यायचं तिथे बारीक तांबडी माती. मातीवर सोन्याचा वर्ख बसवून तो गुळगुळीत दगडानं घोटायचा, म्हणजे वर्ख ओतीव धातूसारखा दिसतो. मग एवढ्या मेहनतीच्या सोन्यावर चक्क रंग फासून टाकायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, ही काय उधळपट्टी. पण रंग ओला असतानाच काडीनं तो नक्षीच्या रेघांत खरवडायचा, आणि खालचं सोनं बाहेर येतं. लाकडाचा झगा जरीचा होतो. चेहरा आणि हात वेगळे, सफेत्यात हिंगूळ मिसळून तेलात केलेले, घोटून घोटून कातडीसारखे.

आणि हे सगळं आळीच्या सणावारांच्या रंगांनी झाकलेलं. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. काडीला कापूस गुंडाळून, औषधात बुडवून, वरचा आकाशी मऊ करायचा आणि सुरीच्या टोकानं उचलायचा. अर्ध्या तासात काडेपेटीएवढी जागा. त्यात भुईगावची वीज. भिंगाखाली रंगाचा काठ सापडावा आणि दिवा जावा, हे इतक्या वेळा झालं की मी वीजमंडळाला मोठ्यानं शिव्या द्यायला लागले आणि मोनिकामावशी जपमाळ थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या.

पास्कल सर मधून मधून डोकावत. "मॅडम, एवढ्या वेळात मी अख्खं कपेल रंगवलं असतं."

"म्हणूनच तुम्हाला रंगवू देत नाही."

आळीतली माणसंही येत. एकानं सुचवलं, सॅण्डपेपर मारा. दुसऱ्याच्या मेव्हण्याकडे गाड्या रंगवायचा पंप होता. एका बाईंनी अगदी मायेनं विचारलं, "नवीन फायबरची का नाय आणत? तिला पाऊस पण चालतो." मी उत्तरं देणं सोडून दिलं.

पण त्याच सुमारास मला काहीतरी खटकायला लागलं होतं. एक तर पाय. मातेच्या मूर्तीचा झगा बहुधा पायांवर लोळतो. हिचा घोट्याच्या वर संपत होता आणि खाली दोन उघडे, रुंद, चालून चालून पसरलेले पाय. लोक त्यांनाच हात लावून कपाळाला लावत, म्हणून तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. दुसरं म्हणजे फुटलेली ओढणी. मेण काढल्यावर कडेला भिंगातून बघितलं तर लाकडाचे तंतू नव्हते. उभे-आडवे धागे होते. ओढणी कापडाचीच होती! सरस आणि खडूच्या लगद्यात कापड बुडवायचं, ओलं असतानाच डोक्यावर चुण्या घालून बसवायचं, वाळलं की दगडासारखं होतं, मग रंगवायचं. ही जुनी, ओळखीची युक्ती आहे. पण बाकी सगळं सागवानात इतकं नीट कोरलेलं असताना फक्त ओढणीच कापडाची का?

मी झग्यावरून आणि ओढणीवरून रंगाची एकेक कणी उचलली, तांदळाच्या कणीहून लहान, आणि प्रयोगशाळेत नेली. अशी कणी राळेत बसवून आडवी कापली की सूक्ष्मदर्शकाखाली सगळे थर एकावर एक दिसतात. झग्याच्या कणीत तळाला पांढरा लेप, तांबडी माती, सोनं, आणि सोन्यावर हिरवा. त्यावर काजळीची काळी रेघ, म्हणजे त्या हिरव्यासोन्यातली मूर्ती बराच काळ मेणबत्त्यांपुढे उभी होती. काजळीच्या वर निळा, बहुधा आपली साधी नीळ. आणि मग पुढचे सगळे बाजारचे डबे. ओढणीच्या कणीत सोनं नाही, हिरवा नाही, काजळीची ती रेघ नाही. सुरुवातच निळीपासून.

म्हणजे ओढणी मागून आली होती. मग तिच्याखाली काय होतं?

मी सरांना म्हटलं, एक्स-रे काढायला हवा. सरांना ते एकदम पटलं. मूर्ती आजारी आहे हे त्यांना मान्यच होतं. वसईत त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचं एक्स-रेचं दुकान होतं. चादरीत गुंडाळलेली मूर्ती रिक्षात मांडीवर आडवी घेऊन आम्ही गेलो. बाकावर हात मोडलेला एक माणूस बसला होता. त्यानं चादरीतून बाहेर आलेले पाय बघितले आणि सरकून आमच्यासाठी जागा केली.

आतला मुलगा कामात चोख होता. "पेशंटचं नाव?"

सर म्हणाले, "मरिया."

"वय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साडेतीनशेच्या आसपास असेल."

त्या मुलानं लेखणी खाली ठेवली. मग सरांच्या विद्यार्थ्यानं स्वतः येऊन फोटो काढला.

ओली फिल्म त्यानं दिव्यापुढे धरली आणि मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. ओढणीच्या फिकट चुण्या, कडेनं बारीक खिळ्यांचे ठिपके, आणि त्यांच्या खाली डोकंभर कोरलेले केस. मानेपर्यंत उतरलेले, कुरळे, एकेक बट वेगळी. बाईचे नव्हेत. उघडे पाय, हिरवा झगा, वर बघणारा बिनदाढीचा कोवळा चेहरा, जुळवलेले हात. क्रुसाच्या एका अंगाला माता उभी असते आणि दुसऱ्या अंगाला येशूचा लाडका, सगळ्यांत तरुण शिष्य...

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"सर, ही सायबीण नाही. हा संत योहान आहे."

सरांनी मूर्ती पुन्हा चादरीत गुंडाळली. रिक्षात बसल्यावर, ती मांडीवर घेऊन म्हणाले, "कुणाला सांगू नका. शपथ आहे तुम्हाला."

आता माझा खरा वैताग सुरू झाला. दोन्हीकडून.

सरांचं म्हणणं, झालं ते झालं, ओढणी घट्ट चिकटवा, वरून आकाशी मारा, विषय संपला. "माझ्या आजीनं मरताना हिचं नाव घेतलं, मॅडम. ती काय चुकीच्या पत्त्यावर गेली?"

आणि तिकडे प्रयोगशाळेत आमचे साहेब. माझे विभागप्रमुख, फार हुशार माणूस, त्यांचा हात धरून मी काम शिकले. शपथ आळीपुरती आहे असं धरून मी फिल्म त्यांना दाखवली, तर ते खुर्चीतून उठलेच. "ओढणी काढा. खालचं मूळ शिल्प आहे, वरचं ठिगळ आहे. निळा उतरवला की हिरवं आणि सोनं मिळेल. असं काम किती शिल्लक आहे आपल्याकडे? प्रदर्शनात मधोमध ठेवू."

"साहेब, लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावतात."

"त्यांना फायबरची मरिया देऊ. ती आनंदानं घेतील."

राग याचा आला की त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं. ती बाई फायबरची मागत होतीच. आणि पुस्तकी नियमानं मूळ आणि मागून आलेलं यांत मूळ जिंकतं. पण मी ती ओढणी दर रविवारी बघत होते. ज्यानं ती केली त्याच्या हातात कसब होतं. लगदा नेमका दाट, चुण्या खांद्यावर कशा पडतात ते माहीत असलेल्या माणसाच्या. कुरळ्या केसांना ओरखडा येऊ नये म्हणून त्यानं खाली पातळ कागद घातला होता, फुटलेल्या जागेतून त्याचा तुकडा दिसत होता. ठिगळ लावणारा माणूस इतकी काळजी करत नाही. मी साहेबांना म्हटलं, "ही ओढणी आपल्या खात्यापेक्षा जुनी आहे." ते म्हणाले, "तुम्ही भाविक झालात." त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी चहापुरतंही बोललो नाही.

राहिल्या मोनिकामावशी. त्या समोर जपमाळ घेऊन बसायच्या आणि मी तोंड बंद ठेवून काम करायची. दोन रविवार मला ते जमलं. मग मी सरांना म्हटलं, "हिच्यावर रोज हात त्यांचा असतो. त्यांना सांगितल्याशिवाय मी पुढे काही करणार नाही."

"ती ऐकून मरेल."

"नाही मरणार."

पण खात्री मलाही नव्हती. मी मावशींना सगळं सांगितलं, फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. त्यांनी फिल्मकडे बघितलंच नाही. मूर्तीकडे बघितलं, खुर्ची भिंतीला लावली आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रिकामी खुर्ची बघून माझा हात कामाला लागेना. सर खोलीत येईनासे झाले. पावसाळा सुरू झाला होता, दमट हवेत ओढणीचं कापड सैल पडून आणखी सुटत होतं, म्हणजे थांबून राहणंही शक्य नव्हतं. फादरना सांगायची वेळ आली. फादर तरुण होते, समजूतदार होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आळीनं ठरवावं." आळी म्हणजे सॅण्डपेपर आणि रंगाचा पंप. मला वाटलं, मरो ते, ओढणी तात्पुरती बांधून देऊन मोकळं व्हावं.

त्या संध्याकाळी मी सामान आवरत असताना मोनिकामावशी आल्या. भिजलेली छत्री दाराशी ठेवली. म्हणाल्या, "दाखव तो फोटो."

मी दिला. त्यांनी तो स्वतः खिडकीशी धरला, बोटानं एकेक बट चाचपत राहिल्या.

"याचे केस कुणी झाकले?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही, मावशी. माझा अंदाज सांगते. हा आधी पोर्तुगिजांच्या एखाद्या मोठ्या देवळात असेल. मधे क्रूस, एका बाजूला माता, दुसऱ्या बाजूला हा. ते देऊळ पडलं, माता गेली, क्रूस गेला. हा उरला. लोकांना आई हवी होती. मग कुणीतरी जाणत्या माणसानं याच्यावर ओढणी घातली, अंगाला नीळ दिली."

"आणि हा गप उभा राहिला."

"हो."

मावशी खुर्ची ओढून बसल्या. "मी घरी बसून लय रागावले. तुझ्यावर, याच्यावर. मग मला आठवलं. क्रुसावरून येशूनं याला काय सांगितलं होतं? ही तुझी आई, म्हणून. तिला तू सांभाळ, म्हणून. आता आईची मूर्त गेली, तर तिची जागा कोण सांभाळणार? यानंच ना?" मग फिल्म माझ्या हातात देऊन त्या कोरडेपणानं म्हणाल्या, "ओढणी काढशील तर बघ."

मी ओढणी काढली नाही. मावशींचं म्हणणं सर आणि फादर दोघांनाही पटलं होतं. साहेबांना तसं कळवलं आणि त्यांना भुईगावला बोलावलं. आले, भिंग लावून तो कागदाचा तुकडा बघितला, पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, "पाठीमागे एक खिडकी मात्र उघडी ठेवा." आमच्या भाषेत खिडकी म्हणजे एका छोट्या चौकोनात वरचे थर उतरवून खालचं दिसू देणं. ती मी पाठीवर केली, हिरवा रंग आणि त्यातून खरवडलेली सोन्याची वेल, तळहाताएवढी. बाकी बाजारचे सगळे डबे उतरवून जुन्या निळीपाशी थांबले. सुटलेल्या कापडाखाली पातळ सरस सोडून, वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवून, कोमट करत करत ओढणी बसवली.

चेहऱ्याची मात्र हळहळ राहिली. वरचा गुलाबी निघाला आणि खाली गालावर काहीच नव्हतं. मधल्या कुठल्या तरी सणाला कुणीतरी सोड्यानं चेहरा घासला होता, आणि घोटून घोटून केलेली ती कातडी धुऊन गेली होती. एका डोळ्याखाली नखाएवढी शिल्लक होती. तेवढ्यावरून बाकीची कशी असेल ते कळत होतं, आणि म्हणूनच जास्त त्रास होत होता. सरांनी विचारलं, "भरून नाही काढता येत?" मी म्हटलं, नाही. जे नाही ते मी रंगवलं तर मीही डबेवालीच. रिकाम्या जागेला मी फक्त सौम्य रंगाच्या बारीक रेघा दिल्या, लांबून खटकणार नाहीत, जवळून कळतील अशा. पायांना मेणाचा थर दिला. हात लागणारच, तर निदान मेण झिजावं.

सणाच्या आदल्या दिवशी मूर्ती कपेलात गेली. मी नियम सांगितले. पिना नाहीत, तेल नाही, माळ भिंतीवर, मेणबत्त्या हातभर लांब. सर मान डोलावत होते. मला त्या डोलावण्याचा अनुभव होता.

सणाच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य प्रार्थनेला, कपेल भरून अंगणात माणसं उभी होती. मी मागच्या बाकावर, शेजारी मोनिकामावशी. पास्कल सरांनी ती शपथ सोडली होती; त्यांनी आणि फादरनी मिळून ठरवलं होतं की लोकांना सांगायचं. फादरनी सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत, मावशींची ती गोष्टही सांगितली, त्यांचं नाव न घेता. मावशी समोर बघत होत्या. मला वाटत होतं, आता कुणी उठणार, सरांवर धावून जाणार, मूर्ती बाहेर काढा म्हणणार.

मग भिंतीशी बसलेले एक म्हातारे काठी टेकत उठले.

"फादर, म्हणजे येवढी वर्षं योहानाचा सण आपण केलाच नाय?"

कपेलात कुजबुज उठली. मी कान दिले. शंका कुणालाच नव्हती. सगळ्यांना अपराधी वाटत होतं. एवढा चांगला संत, आईच्या जागी उभा राहिला, आणि त्याच्या नावानं साधी एक मेणबत्ती नाही! बाजूच्या बाया डोळ्याला पदर लावत होत्या. कुणीतरी विचारलं, त्याचा दिवस कधी? फादर म्हणाले, नाताळ झाला की लगेच. तिथल्या तिथे ठरलं. आजपासून या कपेलला वर्षाला दोन सण. पास्कल सर उठून उभे राहिले, चेहरा उजळलेला, आणि मंडप कोण देणार ते जाहीर करायला लागले.

मी बाकावर बसून हिशेब करत होते. सरस, औषधं, रविवार, वीज, साहेबांशी भांडण, हे सगळं त्या मूर्तीवरची काजळी कमी व्हावी म्हणून. आणि माझ्याच शोधानं तिच्यामागे आणखी एक सण लावून दिला होता. धूर दुप्पट, हात दुप्पट, माळा दुप्पट.

मोनिकामावशी माझ्या कानाशी वाकल्या. "बाय, नाताळानंतर सुट्टी काढून ये. आणि योहानाला मेणबत्त्या जरा मोठ्या आणूया. पुरुषमाणूस हाय तो."

मी डोक्याला हात लावला. आणि सुट्टीचा अर्ज टाकला.